कारवान कुत्रा हाडकुळा, पण रोगट नव्हे

दसरा-दिवाळीनंतर धारूर भागातल्या वाड्या-तांड्यांवरची माणसे ऊसतोडीला निघतात. काही कुत्री दाराशीच राहतात. त्यांत लांब तोंडाचा, बरगड्या दिसणारा कारवान असला की लोक रोगट, पिसाळलेला म्हणून दगड उचलतात. वास्तविक ती पळणाऱ्या जातीची अंगकाठीच आहे. परक्याला तो हात लावू देत नाही, हा त्याचा स्वभाव. लाळ गाळीत दिसेल त्याला चावत सुटलेला कुत्रा वेगळा. त्याच्यापासून दूर राहावे.

गावातल्या तरुणांनी रोज ठराविक वेळी भाकरी-पाणी ठेवावे, धरण्याची घाई करू नये. माणसाळल्यावर पशुवैद्यकीय दवाखान्यात रेबीजची लस टोचून घ्यावी. कुत्रा चावलाच तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुवून लगेच सरकारी दवाखाना गाठावा.

धनी परत येईल तेव्हा त्याचा राखणदार त्याला जिवंत भेटला पाहिजे.