सायकलस्वाराची पिशवी : खांदा सांभाळा, कागद कोरडे ठेवा

मृगाचा पाऊस पडला की दवाखान्यात सर्दी-खोकला, ताप आणि हगवणीचे रुग्ण वाढतात, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. पण या दिवसांत आणखी एक तक्रार माझ्याकडे हमखास येते. मान आखडली, खांदा भरून आला, हाताला मुंग्या येतात. अशा रुग्णांत सायकलवर फिरून काम करणारे बरेच असतात. पतसंस्थेचे पिग्मी एजंट, टपाल वाटणारे, सकाळी पेपर टाकणारी मुले, खेड्यावरून शाळेत येणाऱ्या मुली. मोटारसायकली कितीही वाढल्या तरी वाशीम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीरच्या गल्ल्यांतून सायकल अजून गेलेली नाही.

पावसाळ्यात खांदा का दुखावा, असा प्रश्न कोणालाही पडेल. गार वारा लागला, वात धरला, असे घरोघरी म्हटले जाते. खरे कारण बहुतेक वेळा फार साधे असते. आठ महिने जी पिशवी सायकलच्या कॅरिअरवर बसलेली असते, ती पाऊस सुरू झाला की खांद्यावर येते. कॅरिअरवर ती भिजते, म्हणून माणूस ती गळ्यात अडकवतो आणि वरून रेनकोट चढवतो. म्हणजे पिशवी पाणी धरत नाही, याची शिक्षा मानेला. म्हणून पिशवी वॉटरप्रूफ असणे ही नुसती सोयीची गोष्ट नाही, ती आरोग्याचीही आहे.

मागच्या पावसाळ्यात पंचेचाळिशीचे एक पिग्मी एजंट संध्याकाळी उशिरा, दवाखाना रिकामा झाल्यावर आले. बसले, पण बराच वेळ बोलेनात. मग म्हणाले, "डाक्टरसाहेब, डाव्या हाताले मुंग्या येतात. रातभर झोप नाही. घरी सांगतलं नाही अजून, पण मले वाटते हार्टचंच हाये." त्यांची भीती चुकीची नव्हती. डाव्या हाताची तक्रार घेऊन आलेल्या माणसाचे हृदय आधी तपासावेच लागते. कार्डिओग्राम काढला, रक्तदाब पाहिला, रक्त तपासले, सगळे ठीक निघाले. दम लागत नव्हता, छाती भरून येत नव्हती. मुंग्या चालताना नव्हे, तर सायकलवरची फेरी संपताना सुरू होत आणि पिशवी उतरवल्यावर हळूहळू कमी होत. मी म्हटले, "भाऊ, ती पिशवी इकडे द्या बरं." बाळांचे वजन करण्याच्या काट्यावर ठेवली, तर सात किलोंच्या वर भरली! पावतीपुस्तके, मशीन, जेवणाचा डबा, पाण्याची बाटली, छत्री, सायकलचे जाडजूड कुलूप आणि चिल्लर. दहा रुपयांचे एक नाणे पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे अशी शंभर नाणी पाऊण किलोच्या वर जातात. दुकानदार ही नाणी नेमकी पिग्मीवाल्याच्या गळ्यात घालतात, हे त्यांनीच हसत सांगितले. शब्दशः गळ्यातच.

मान आणि खांदा यांच्यामधल्या खोलगट जागेतून हाताकडे जाणाऱ्या सगळ्या नसांचा जुडगा खाली उतरतो. अरुंद पट्टा नेमका तिथे रुततो. रोज चार-पाच तास, खड्ड्याखड्ड्याला हिसका बसत ती जागा दबत राहिली की आधी बधिरपणा येतो, मग मुंग्या, आणि फारच दुर्लक्ष केले तर हाताचा जोर कमी होतो. पाठीवर जड ओझी वाहणारे सैनिक आणि गिर्यारोहक यांच्यात हा विकार वैद्यकशास्त्राला चांगला परिचित आहे. दुसरी गोष्ट स्नायूंची. वजन एकाच खांद्यावर असले की तो खांदा नकळत उचलून धरला जातो आणि शरीर विरुद्ध बाजूला कलते. कण्यालगतच्या स्नायूंना दिवसभर विसावा मिळत नाही. रात्री पाठ टेकली की दुखणे जाणवते ते यामुळे.

या गृहस्थांना मी गोळ्या थोड्या दिल्या आणि बदल जास्त सांगितले. डबा, बाटली, कुलूप, छत्री कॅरिअरवर. अंगावर फक्त मशीन, पावत्या आणि पैसे. चिल्लर दुपारी संस्थेत भरून मोकळे व्हायचे. पाच-सहा आठवड्यांत मुंग्या थांबल्या. पण एक गोष्ट येथे ठासून सांगतो. हाताच्या दुखण्याबरोबर छातीवर दाब वाटणे, घाम फुटणे, दम लागणे, जबड्यात कळ जाणे, यांपैकी काही असेल तर पिशवीला दोष देत घरी बसू नये. १०८ ला फोन करून ताबडतोब रुग्णालय गाठावे.

आता पिशवी कोणती घ्यावी. यासाठी आधी स्वतःला विचारावे की वाटेत ती किती वेळा उघडावी लागते? एका खांद्यावरून छातीवर तिरकी येणारी आणि पाठीवर विसावणारी पिशवी ही मुळात दारोदार जाणाऱ्याची पिशवी आहे. टपाल वाटणाऱ्यांनी जगभर तीच वापरली; मोठ्या शहरांत सायकलवरून कागदपत्रे पोचवणाऱ्या कुरिअरच्या पोरांनीही तीच उचलली. पिशवी खांद्यावरून न उतरवता नुसती पुढे ओढली की कागद हाती येतो, हा तिचा खरा गुण. पिग्मीची पद्धत उडुपीच्या कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेटने, म्हणजे पुढच्या सिंडिकेट बँकेने, १९२८ मध्ये सुरू केली. रोज घरी जाऊन थोडे थोडे पैसे गोळा करणे हेच तिचे मर्म. असे काम करणाऱ्याला तिरकी पिशवीच सोयीची पडते. पण जो सकाळी घरून निघतो तो थेट कचेरीत किंवा शाळेत पोचतो, वाटेत पिशवी उघडतच नाही, त्याने ती खांद्यावर का वागवावी? त्याची पिशवी कॅरिअरवर चापाखाली, ट्यूबच्या पट्टीने आवळून बांधलेली बरी. वजन चाकावर जाते, पाठ मोकळी राहते, उन्हाळ्यात पाठीला घामाचा रेबडा होत नाही. कॅरिअर नसेल तर दोन पट्ट्यांचे दप्तर दुसऱ्या नंबरावर.

हँडलला पिशवी लोंबकळत ठेवण्याची आपल्याकडे फार सवय आहे. जड पिशवी एका बाजूला असली की हँडल त्या बाजूला ओढ घेते, वळणावर झोका बसतो आणि पिशवी पुढच्या चाकात गेली तर माणूस थेट तोंडावर पडतो. भाजीची जुडी ठीक आहे. त्याहून जड काही तिथे नको.

ज्यांना तिरकी पिशवी घ्यायचीच आहे, त्यांनी सर्वांत आधी पट्टा पाहावा. तो निदान दोन इंच रुंद असावा, खांद्यावर येणाऱ्या जागी जाड फोमची गादी असावी आणि कडा धारदार नसाव्यात. दोरीसारखा गोल किंवा बोटभर रुंदीचा पट्टा कितीही सुंदर दिसला तरी घेऊ नये. लांबी झटक्यात कमी-जास्त करता येईल असे बक्कल हवे, कारण सायकलवर पिशवी आखूड, वर, पाठीला चिकटून हवी आणि पायी चालताना थोडी सैल. सायकलवर वाकून बसल्यावर ती कमरेच्या वरच्या भागात सपाट टेकली पाहिजे. मांडीवर आपटत असेल तर पट्टा लांब आहे असे समजावे. चढावर उभे राहून पायडल मारताना पिशवी सरकन पोटाकडे येते आणि तोल जातो. त्यासाठी काही पिशव्यांना काखेखालून किंवा कमरेभोवती बांधायचा दुसरा बारीक पट्टा असतो. आपल्या बाजारात तो क्वचित मिळतो, पण चेन आणि बॅगा दुरुस्त करणारा कारागीर तो थोड्या पैशांत शिवून देतो. मी कित्येकांना त्याच्याकडेच पाठवतो.

दुकानात पिशवी रिकामी अडकवून पाहण्यात अर्थ नाही. रोजचे सामान घेऊन जा, त्यात भरा, पुढे वाका, मान वळवून मागची मोटार पाहतो तसे मागे पाहा. पट्टा मानेला घासला किंवा पिशवी घसरली तर ती परत द्या. दुकानदार कुरकुरतो, कुरकुरू द्यावे. आणि आकार लहानच घ्यावा. मोठ्या पिशवीत जागा असते म्हणून माणूस सामान भरत जातो. मोठ्या माणसाने एका खांद्यावर तीन-चार किलोंच्या पुढे जाऊ नये, असे माझे मत आहे. खांदाही रोज बदलावा. सुरुवातीला चुकल्यासारखे वाटते, आठवडाभराने सवय होते.

पाण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण येथेच सर्वांत जास्त फसगत होते. पिशवीवर वॉटरप्रूफ असे छापलेले असते आणि पहिल्याच पावसात आतली वही भिजते. कापड पाणी अडवते, पण शिवणीत सुईची शेकडो भोके असतात, आणि चेनच्या दातांमधूनही पाणी झिरपते. म्हणून कापडाइतकीच तोंडाची बनावट महत्त्वाची. तोंड झाकून दोन्ही बाजूंनी खाली येणारे रुंद झाकण असावे किंवा तोंड दोन-तीन वेळा गुंडाळून बक्कल लावता येईल अशी सोय असावी. शिवणी आतल्या बाजूने पट्टी चिकटवून बंद केलेल्या असतील तर उत्तम.

सुती शबनम दिसायला छान असते, मास्तरांच्या आणि कार्यकर्त्यांच्या खांद्यावर तिने अनेक वर्षे काढली, पण पावसात ती पाणी पिते आणि स्वतःच ओझे होते. जाड कॅनव्हास बराच काळ तग धरतो, कारण ओला झाला की त्याचे सूत फुगून भोके बुजतात. मात्र तो वाळायला वेळ घेतो आणि ओला ठेवला तर बुरशी धरतो. रेक्झिन पहिल्या वर्षी चांगले, पुढे आपल्या उन्हात घड्यांवर चिरते आणि चिरले की कामातून गेले. आतून लेप दिलेले नायलॉनचे कापड हलके असते, तेही बरे. मला विचाराल तर ट्रकवर घालतात त्या जाड प्लास्टिकच्या ताडपत्रीची शिवून घेतलेली पिशवी सगळ्यांत टिकाऊ. दिसायला ओबडधोबड, पण सोयाबीनच्या हंगामात ताडपत्री पोत्यांना वाचवते ती कागदांनाही वाचवेल.

परीक्षा घरीच घ्यावी. पिशवीत आमच्याच पेपरचा जुना अंक चुरगाळून भरा, तोंड बंद करा, नळाखाली किंवा तांब्याने पाच-सात मिनिटे पाणी ओता आणि मग अंक उघडून पाहा. ज्या कोपऱ्यात ओल दिसेल तिथली शिवण गळते. कोणतीही पिशवी असो, आत एक साधी जाड प्लास्टिकची थैली ठेवून कागद त्यात घालावेत. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या बरोबर नेणाऱ्यांनी त्या पुडीत बांधून नेऊ नयेत. पाकिटातून सुट्या काढलेल्या गोळ्यांना पावसाळी हवेत ओल धरते.

मुलींच्या दप्तराबाबत आईवडिलांना दोन शब्द. मानव विकास कार्यक्रमातून अनेक मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळाल्या, ही मोठी सोय झाली. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावे. आठवीसाठी अडीच ते चार किलो आणि नववी-दहावीसाठी अडीच ते साडेचार किलो अशी मर्यादा आहे. एका लिटरची पाण्याची बाटली म्हणजे त्यातला एक किलो तिथेच गेला. शाळेत पिण्याचे चांगले पाणी असेल तर बाटली अर्धीच भरून द्यावी. जड दप्तराने पोरीचा कणा कायमचा वाकडा होईल का, असे आया विचारतात. तसा पुरावा नाही. पण पाठ आणि मान दुखते, आणि दुखणारे मूल आईला वेळेवर सांगत नाही. याहून मोठी भीती ओढणीची. ओढणी आणि दप्तराचा पट्टा एकत्र मागे लोंबत असतील तर ते मागच्या चाकाच्या तारांत अडकतात आणि गळ्याला फास बसू शकतो. ओढणी पुढे आणून कमरेला गाठ मारावी, पट्ट्याची लोंबती टोके कापून किंवा बांधून टाकावीत. दप्तराच्या पाठीमागे रेडियमची पट्टी चिकटवावी. पावसाळी संध्याकाळी काळे दप्तर ट्रकवाल्याला दिसत नाही.

शेवटी कातडीचे. ओला पट्टा आणि घाम यांच्या घर्षणाने खांद्यावर आणि छातीवर घामोळ्या येतात, मग तिथेच गजकर्ण धरते. कोणी तरी सुचवतो म्हणून औषधाच्या दुकानातून ट्यूब आणली जाते. त्यातल्या बऱ्याच ट्यूबांत स्टिरॉइड असते. चार दिवस खाज थांबते, गजकर्ण मात्र पसरत जाते आणि पुढे ते आवरणे आम्हालाच जड जाते. डॉक्टरला दाखवल्याशिवाय अशी ट्यूब लावू नये. घरी आल्यावर पट्टा पुसून पिशवी तोंड उघडे करून उलटी टांगावी, अंग कोरडे करावे, ओला बनियन बदलावा. पट्टा महिन्यातून एकदा साबणाने धुवून कडक उन्हात वाळवावा. आणि सलग आठ दिवस ऊन पडले नाही, तर चुलीपासून हातभर दूर.