हा जॅक कोणत्या गाडीचा?

समुद्रपूर तालुक्यातल्या जाम चौरस्त्यावर नागपूर-हैदराबाद महामार्गाला चंद्रपूरचा रस्ता फुटतो. अशा चौकातल्या पंक्चरच्या दुकानामागे जुन्या लोखंडाचा ढीग असतोच. त्यात एखादा गंजका जॅक दिसला तर हातात घ्या. गाडी केव्हाच भंगारात गेली असेल, पण तिच्या अंगाचं माप या लोखंडात अजून शाबूत असतं!

आधी त्याचं डोकं पाहायचं. गाडीला भिडणारा तो भाग तिच्या सांगाड्यासाठीच घडवलेला असतो. 1940च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतलेल्या विलीज जीपला भक्कम चेसिस आणि आडवे अॅक्सल. म्हणून तिचा जॅक ठेंगणा, अॅक्सलखाली सरकणारा. फोक्सवॅगन बीटलचा अगदी निराळा. त्याचा आडवा दांडा गाडीच्या कडेला खाली असलेल्या नळीत घुसतो आणि हँडल मारलं की पुढचं-मागचं चाक मिळून अख्खी बाजू उचलली जाते. 1960च्या दशकातल्या शेव्हरले इम्पालाचा जॅक तर बंपरला आकडा अडकवून गाडी उचलायचा. बैठक, दातेरी खांब, आकडा हे सुटे भाग. चाकाचे नट खोलायचा पाना हेच त्याचं हँडल. आकडा बंपरच्या वळणाशी जुळला नाही, तर खांब कितीही अस्सल असो, जोडी मोडलेली समजावी.

मग शिक्के. बीटलच्या कित्येक जॅकवर बिल्स्टाइन हे नाव ठोकलेलं सापडतं. आज शॉक अॅब्सॉर्बरसाठी ओळखली जाणारी ही जर्मन कंपनी तेव्हा जॅकही बनवायची. कारखान्यातला शिक्का पत्र्यात दाबलेला असतो, मूळ रंग त्याच्यावरून गेलेला असतो.

काही जॅक स्क्रूवर चढतात, आणि मला सगळ्यात नवल वाटतं ते त्या स्क्रूचं. समजा, एका फेऱ्याला स्क्रू 6 मिलिमीटर चढतो आणि हँडल 25 सेंटिमीटर लांब आहे. म्हणजे हात दीड मीटरहून जास्त फिरतो तेव्हा गाडी जेमतेम 6 मिलिमीटर वर येते. घर्षण सोडलं तर जोर सुमारे 260 पट! आणि तेच घर्षण हात काढल्यावर गाडी खाली येऊ देत नाही. म्हणून आटे नीट पाहा. झिजले असतील तर तो जॅक जपून ठेवा, पण त्याच्या भरवशावर गाडीखाली कुणालाही जाऊ देऊ नका.

आजोबांची प्रीमियर पद्मिनी अंगणात उभी असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी डिकी उघडा. स्टेपनीच्या आसपास तिचा जॅक अजून असू शकतो. सापडला तर लगेच सँडपेपर लावू नका. आधी कोरड्या फडक्याने हलकेच पुसा, उन्हात तिरपा धरा आणि अक्षरं वाचा.