रोजकीर्द आणि राखीव प्रत

जुन्या पेढीवरील मुनीम व्यवहार घडताच तो प्रथम रोजकीर्दीत टिपून ठेवी आणि मग सवडीने खतावणीत निरनिराळ्या खात्यांवर चढवी. संगणकावरील डेटाबेसही याच रीतीने चालतो. कोणताही बदल मूळ पृष्ठांत उतरण्यापूर्वी त्याची नोंद लॉगच्या फायलींत क्रमवार केली जाते. वीज अकस्मात गेली तरी त्या नोंदी वाचून अपुरी राहिलेली खतावणी पुरी करता येते.

राखीव प्रतीचा प्रश्न याहून अवघड आहे. कोलकात्याच्या पूर्वेस वसलेल्या न्यू टाउनमध्ये संगणक-व्यवसायाची मोठी कार्यालये आहेत. तेथे एखाद्या बँकेच्या डेटाबेसची प्रत घेतली जात आहे, असे समजू. या कामाला दोन तास लागतात, आणि तेवढा वेळ व्यवहार काही थांबत नाहीत. एका खात्यात २०,००० रुपये असताना त्याचे पृष्ठ प्रतीत उतरले. नंतर त्यातील ५,००० रुपये दुसऱ्या खात्यात गेले. आणि या दुसऱ्या खात्याचे पृष्ठ त्यानंतर उतरले. प्रतीत हे पाच हजार रुपये दोन्हीकडे दिसतील! अशी प्रत कोणत्याही एका क्षणाचे खरे चित्र नसते. प्रतीच्या आरंभापासून अखेरपर्यंतचा लॉग तिला जोडून त्यातील नोंदी पुन्हा चढवल्या, तरच ती विश्वसनीय ठरते.

लॉग पुढेही जपला, तर त्या प्रतीवरून नंतरच्या कोणत्याही क्षणापर्यंत, उदाहरणार्थ चुकीने एखादा तक्ता पुसला जाण्याच्या अगदी आधीपर्यंत, येता येते. मात्र साखळी अखंड हवी. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये लॉगची प्रत्येक फाइल सामान्यतः १६ मेगाबाइटांची असते. मधली एक जरी हरवली, तरी तिच्यापुढील साऱ्या निरुपयोगी होतात. या फायलींचा कप्पा पूर्वी ‘पीजी-एक्सलॉग’ या नावाने ओळखला जाई. नावातील ‘लॉग’ पाहून काहींनी त्या किरकोळ टिपणांच्या फायली समजून पुसल्या आणि माहिती कायमची गमावली. अखेर २०१७ मध्ये, दहाव्या आवृत्तीत, कप्प्याचे नाव ‘पीजी-वॉल’ असे बदलावे लागले. एका शब्दाने एवढा अनर्थ करावा, हे नवलच.

प्रत आणि लॉग एकाच इमारतीत ठेवणेही धोक्याचे असते. २० मे २०२० रोजी अम्फान चक्रीवादळ कोलकात्यावर आले, तेव्हा शहराचे अनेक भाग काही दिवस विजेवाचून राहिले. म्हणून भरलेली प्रत्येक फाइल दूरच्या शहरी पाठवतात. जी फाइल आपत्तीपूर्वी तेथे पोचली नाही, तिच्यातील व्यवहार मात्र त्या प्रतीवरून परत मिळत नाहीत.