बाबासाहेबांचे नाणे : चांदी किती, किंमत किती?

१४ एप्रिल किंवा ६ डिसेंबर जवळ आला की, बाबासाहेबांची प्रतिमा असलेले चांदीचे नाणे घ्यावे काय, अशी विचारणा आमच्याकडे होते. हौस चांगलीच आहे. पण कष्टाचा पैसा घालण्यापूर्वी हिशेब समजून घ्यावा, म्हणून हा लेखप्रपंच.

स्वतंत्र भारतात स्मारक नाण्यांची सुरुवात १९६४ साली पंडित नेहरूंच्या निकेलच्या नाण्यांनी झाली. १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीनिमित्त दहा रुपयांचे चांदीचे नाणे निघाले. वजन १५ ग्रॅम, चांदी ८० टक्के. १९७२ मध्ये स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी नाण्यात चांदी ५० टक्क्यांवर आली. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचा १९९० चा रुपया मात्र तांबे-निकेलचा होता. पुढे ६ डिसेंबर २०१५ रोजी, १२५व्या जयंतीवर्षात, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते १२५ रुपयांचे नाणे प्रकाशित झाले. त्याचे वजन ३५ ग्रॅम, व्यास ४४ मिलिमीटर. त्यात ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे, ५ टक्के निकेल व ५ टक्के जस्त आहे. म्हणजे शुद्ध चांदी साडेसतरा ग्रॅम.

हेच मिश्रण इंग्रज सरकारने दुसऱ्या महायुद्धात, १९४० पासून, रुपयासाठी वापरले होते. त्यापूर्वीच्या रुपयात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे. याच चांदीच्या रुपयाचा अभ्यास बाबासाहेबांनी 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या १९२३ च्या ग्रंथात केला. चांदी टांकसाळीत नेऊन रुपये पाडून घेण्याची लोकांची सोय १८९३ मध्ये सरकारने बंद केली, तेव्हापासून रुपयाची किंमत त्यातल्या चांदीवर अवलंबून राहिली नाही.

संग्राहकाच्या नाण्याचेही तसेच आहे. त्याची विक्रीची किंमत एक, छापलेले मूल्य दुसरे आणि चांदीची किंमत तिसरी. सराफ फार तर साडेसतरा ग्रॅमचे पैसे देईल. त्यावरचे सारे हौसेचे मोल. म्हणून मुलांच्या फीचे पैसे यात घालू नयेत आणि गुंतवणूक समजून तर मुळीच घेऊ नये.

घेताना सराफाच्या काट्यावर वजन करावे. टांकसाळीच्या नाण्यावर अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष, 'सत्यमेव जयते' आणि रुपयांचा आकडा असतो. तो आकडा नसेल तर ते नाणे नव्हे, पदक होय. नाणे कडेने धरावे. काळे पडले तरी राखेने वा पावडरने घासू नये. घासलेल्या नाण्याला संग्राहक विचारत नाहीत.

ज्यांना हे परवडत नाही, त्यांनी मन खट्टू करू नये. गल्ल्यात किंवा जुन्या डब्यात १९९० चा तो रुपया सापडला तर जपून ठेवावा. त्यावरही बाबासाहेबच आहेत. आणि मुलांच्या हाती तो देताना, रुपयावर चित्र येण्याच्या कितीतरी आधी बाबासाहेबांनी रुपयावर ग्रंथ लिहिला होता, हे आवर्जून सांगावे.