अंगावरून वारे जाते ते कोणते?

आमच्या मालवणकडे कुणाला पक्षाघात झाला की 'अंगावरसून वारो गेलो' असे म्हणतात. घाटावरचा माणूसही 'वारे गेले' असेच म्हणतो, आणि ज्यांना जरा पुस्तकी बोलायचे असते ते 'अर्धांगवायू' म्हणतात. म्हणजे कसेही म्हटले तरी वाऱ्याने या दुखण्याची पाठ काही सोडलेली नाही. मुंबईला परळच्या एका शाळेत तीस वर्षे मी शास्त्र हा विषय शिकवला. मुलांना मी मोठ्या ऐटीत सांगत असे, "अरे, अंगावरून वारेबिरे काही जात नसते. मेंदूला रक्त पोचवणारी नळी तुंबते किंवा फुटते, एवढेच!"

सांगत होतो ते खोटे नव्हते, पण पुरे नव्हते. ते मला कळले निवृत्त होऊन गावी आल्यावर. आणि त्या शिकवणीची फी भरली माझ्या धाकट्या काकांनी.

नरकचतुर्दशीची पहाट

२०२३ सालची दिवाळी. काकांचे वय तेव्हा चौऱ्याहत्तर. माणूस काटक, माडाच्या आळ्यात अजून स्वतः पाणी सोडणारा. रक्तदाब मात्र वाढलेला. डॉक्टरांनी रोजची गोळी दिलेली. पण 'सणासुदीला कसली औषधं घ्यायची?' असा त्यांचा खाक्या होता. न्हाणीतल्या चुलीवर पाणी तापवण्याचा मान घरात त्यांचा. पहाटे चारलाच ते फुंकणी घेऊन चुलीपुढे बसले. परतीच्या पावसाने सोडणे भिजलेली, चुडते दमट. जाळ कमी आणि धूर फार. बाहेर वाडीतल्या पोरांनी नरकासुर जाळला होता आणि फटाक्यांच्या माळांवर माळा लावल्या होत्या. वारा म्हणाल तर माडाचे एक पातेही हलत नव्हते. धुराची चादर कुळागरावर गुडघाभर उंचीवर अंथरल्यासारखी पडून होती. आम्हां सगळ्यांना ती मोठी शोभिवंत वाटली!

अभ्यंगस्नाने झाली, कारीट फुटले, पोह्यांची ताटे मांडली. साडेसात वाजता काकांच्या हातून चहाचा कप गळून पडला. काकी ओरडली, "अरे बाबू, हेंका बघ काय झाला तां! तोंड वाकडा दिसता. हात वर जाणा नाय."

मी धावत आलो. आणि काय केले? तीस वर्षे शास्त्र शिकवलेल्या या माणसाने सांगितले, "काकी, रात्रभर जागले आसत. जरा पडान रवांदेत, बरा वाटतला."

शेजारणीने तेल चोळले, कुणी कांदा हुंगवला, कुणी गाऱ्हाणे घालायला निघाले. दहा वाजता शेजारचा रिक्षावाला मुलगा आत डोकावला आणि त्यानेच आम्हांला दटावून गाडी काढली. काका तपासणीच्या यंत्रात गेले तेव्हा पाऊण वाजला होता. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो, "हे किती वाजता झाले?" मी वेळ सांगितली. ते क्षणभर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रक्ताची गुठळी आहे. ती विरघळवण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते."

सव्वापाच तास होऊन गेले होते.

वारे नव्हे, वाऱ्यातले काही

काका वाचले. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणे अडखळू लागले, पण वाचले. घरी आणल्यावर मला एका प्रश्नाने पछाडले: त्याच पहाटे का? रक्तदाब तर दहा वर्षे होता. मग त्या दिवशी अधिक काय झाले? शिक्षकाची खोड, मिळेल ते वाचू लागलो.

वाचकहो, धुराने खोकला येतो, दमा बळावतो, हे आपण जाणतो. पण एका दिवसाच्या, नव्हे काही तासांच्या धुराने मेंदूवर घाला पडू शकतो हे फार थोड्यांना ठाऊक असते. धुरातले जे कण डोळ्यांना दिसतात ते नाकाघशात अडकतात. खरे वैरी असतात ते अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक असलेले कण. माणसाचा केस जितका जाड असतो त्याचा जवळजवळ तिसावा भाग! हे कण फुप्फुसाच्या अगदी शेवटच्या फुग्यांपर्यंत पोचतात. तेथे दाह सुरू होतो आणि त्याची वर्दी रक्तातून अंगभर जाते. रक्तवाहिन्या आखडतात, रक्तदाब चढतो, रक्त गोठण्याकडे कलते. एडिंबरोच्या संशोधकांनी धडधाकट स्वयंसेवकांना प्रयोगशाळेत विरळ केलेला डिझेलचा धूर हुंगवून पाहिला, तर काही तासांतच त्यांच्या रक्तात गुठळी अधिक जोमाने धरू लागली. ज्याच्या रक्तवाहिन्या आधीच जाडजूड आणि खरबरीत झालेल्या आहेत, त्याला एवढे निमित्त पुरते.

बोस्टन शहरात १,७०५ रुग्णांची झटका आलेली वेळ आणि त्या वेळची हवा ताडून पाहिली गेली. २०१२ साली त्याचा निष्कर्ष छापून आला. हवा 'चांगली' असण्याऐवजी 'मध्यम' असली, की पुढल्या चोवीस तासांत पक्षाघाताचा धोका ३४ टक्क्यांनी अधिक. आणि त्यातही पहिले बारा-चौदा तास अधिक घातक. ही 'मध्यम' हवा तेथील सरकारी नियमात बसणारी होती, हे विशेष! पुढे २०१५ साली २८ देशांतील १०३ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. त्यांत सुमारे ६२ लाख रुग्णांची व मृत्यूंची नोंद होती. एका घनमीटर हवेत हे बारीक कण १० मायक्रोग्रॅमने वाढले की पक्षाघाताने इस्पितळात जाण्याचा वा मरण्याचा धोका सुमारे एक टक्क्याने वाढतो, आणि तो सर्वांत अधिक त्याच दिवशी असतो, असे त्यातून निघाले. गरीब व मध्यम देशांत हे नाते अधिक घट्ट दिसले.

एक टक्का म्हणजे काय मोठे, असे तुम्ही म्हणाल. एका माणसापुरते ते थोडेच आहे. पण हवा काही एकट्यादुकट्याच्या वाट्याला येत नाही, ती सगळा गाव घेतो. शिवाय धुराच्या दिवशी कण दहाने वाढून थांबतात थोडेच! आपल्या देशाची चोवीस तासांची मर्यादा आहे ६० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ती १५ वर आणली.

परळ आणि मालवण

हे वाचताना मला माझे परळ आठवले. गिरणगावात मालवणी माणूस पिढ्यान् पिढ्या राहिला. धुराड्यांच्या सावलीत त्याने संसार थाटले. मुंबईच्या धुराविरुद्ध कायदा झाला तो १९१२ सालीच. पुढे १९७७च्या सुमारास केईएम रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामतांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी परळ, चेंबूर, खार या भागांतल्या लोकांना तपासून हवेचा आणि प्रकृतीचा मेळ घातला. मळकट हवेच्या वस्तीत छातीची दुखणी अधिक, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले. तिकडे लंडनला १९५२च्या डिसेंबरात पाच दिवस धुक्यात धूर कोंडला आणि पहिल्या हिशेबाप्रमाणे चार हजार माणसे दगावली. पुढच्या अभ्यासकांनी नंतरचे महिने धरून हा आकडा बारा हजारांपर्यंत नेला. तेथेही घात केला तो थांबलेल्या वाऱ्याने.

२०२३ साली, आमच्या त्याच दिवाळीच्या तोंडावर, मुंबईची हवा इतकी बिघडली की उच्च न्यायालयाने आपण होऊन लक्ष घातले आणि फटाक्यांना रात्री आठ ते दहा एवढीच मुभा ठेवली. मी ती बातमी पडवीत बसून वाचली आणि काकांना म्हटले, "काका, आपला बरा आसा. हयसर दर्याचो वारो!"

दर्याचा वारा खरा. पण तो चोवीस तास नसतो. आमचे रापणकर जे जाणतात ते मी विसरलो होतो. दिवसा खारे वारे समुद्राकडून जमिनीकडे येतात; रात्री मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे, तेही मंद. थंडीच्या पहाटे जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार होते आणि वरती उबदार हवेचे झाकण बसते. त्या झाकणाखाली केलेला धूर दहा-अकराला खारा वारा सुटेपर्यंत तेथेच राहतो. आणि नरकचतुर्दशीचा सगळा थाट असतो नेमका पहाटेचा!

आमच्या धुराचे पंचांग

कोकणात कारखान्याची धुराडी कमी, म्हणून धूर नाही असे नाही. आमच्या धुराचे एक पंचांगच आहे. दिवाळीला फटाके. मार्गशीर्ष-पौषात अंगणातला पातेरा पेटवून घेतलेला शेक. फाल्गुनात होळी आणि डोंगरावरचे वणवे. चैत्र-वैशाखात तरव्यासाठी भाजावळ आणि काजूबिया भाजण्याचा तो डोळ्यांत झोंबणारा धूर. आणि बारा महिने तेरा काळ चूल. १९८१च्या सुमारास गुजरातेतील खेड्यांत बायकांच्या अंगावर मोजण्याची यंत्रे बांधून संशोधकांनी पाहिले, तेव्हा चुलीपुढची हवा मोठ्या शहरांच्या हवेहून कितीतरी पट मळकट निघाली. काकी साठ वर्षे त्या हवेत रांधते आहे, हे माझ्या कधी ध्यानातही आले नव्हते.

फटाक्यांचे तर आणखी नवल. २०१६ साली पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने व पुणे विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी, मुले फटाका जेवढ्या अंतरावरून लावतात तेवढ्या अंतरावर कण मोजले. सर्वांत वाईट कोण निघाला असेल? सुतळी बाँब? नव्हे. आवाज नाही म्हणून आपण ज्या अगदी लहानग्यांच्या हाती देतो, ती नागगोळी! घनमीटरला ६४,५०० मायक्रोग्रॅम. हजाराच्या माळेचे ३८,५४०. अनार त्या मानाने सभ्य, तरी ४,८६०.

एकट्या धुरावर खापर नको

आता काकांना झटका धुरानेच आला, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. एका माणसाच्या बाबतीत ते कुणालाच सांगता येत नाही. ३२ देशांतील एका मोठ्या अभ्यासात (२०१६) असे दिसले की पक्षाघाताचा नव्वद टक्के भार दहा टाळण्याजोग्या कारणांवर आहे, आणि त्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या रक्तदाबाचा. काकांची न घेतलेली गोळी, रोजचा खारा बांगडा, तपकीर, रात्रीचे जागरण यांनी लाकूड वाळवून ठेवले होते. धुराने फक्त काडी ओढली असावी. पण लाकूड वाळलेले आहे हे माहीत असताना काडी दूर ठेवणे तरी आपल्या हाती आहे.

म्हणून जे स्वतः ठेच खाऊन शिकलो ते सांगतो. रक्तदाबाची गोळी सणालाही चुकवू नये. उलट सणाला मुळीच चुकवू नये. ज्यांना रक्तदाब, मधुमेह, हृदयाचे दुखणे आहे किंवा पूर्वी झटका येऊन गेला आहे, अशांना चुलीपुढे, भाजावळीला वा फटाक्यांच्या धुरात बसवू नये. जळण पावसाआधी माळ्यावर चढवावे. ओले सोडण म्हणजे धुराची खाण. चुलीवर धुराडे असावे. पातेरा जाळू नये, खड्ड्यात कुजवावा. माडाला तेच सोने. धुरकट पहाटे म्हाताऱ्यांनी फिरायला न जाता वारा सुटल्यावर जावे. तोंडाला उपरणे बांधल्याने बारीक कण अडत नाहीत, त्या भरवशावर राहू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे: हसायला सांगा, तोंड वाकडे होते का पाहा. दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली येतो का पाहा. एक वाक्य बोलायला सांगा, जीभ अडखळते का पाहा. यांतले एक जरी दिसले तरी घड्याळात वेळ पाहून ठेवा आणि १०८ला फोन करा. पाणी, चहा, औषध काही पाजू नका. झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा हे यंत्रात पाहिल्यावाचून कळत नाही आणि दोहोंचे उपाय निराळे. आमच्या बाजूचे पुष्कळ रुग्ण शंभराहून अधिक किलोमीटर तुडवून गोव्याला बांबोळीला नेले जातात. ज्याची वाट एवढी लांब, त्याला 'जरा पडान रवांदेत' म्हणण्याची चैन परवडत नाही. ते वाक्य मी उच्चारले आणि त्यात अडीच तास गेले. पुढला प्रवास मी थोडा करू शकत नव्हतो, पण ते अडीच तास माझ्या हातचे होते.

पुढल्या वर्षीची नरकचतुर्दशी आली. न्हाणीतली चूल आम्ही पेटवलीच नाही. पाणी गॅसवर तापले. पोरांना मी आदल्या दिवशी बसवून नागगोळीची गोष्ट सांगितली होती. त्यांनी आपण होऊन ती आणली नाही. नरकासुर मात्र झाला, पण वाडीच्या टोकाला, खाडीच्या बाजूस. काकांना खुर्चीत बसवून तुळशीपुढे आणले. काकीने कारीट पुढे ठेवले आणि विचारले, "जमात?"

कारीट फोडायचे ते डाव्या पायाच्या अंगठ्याने. काकांची डावी बाजू शाबूत आहे. त्यांनी अंगठा टेकला, नेट लावला, आणि कारीट फट्कन फुटले. तोंड अजून थोडे वाकडे आहे. पण 'गोविंदा' मात्र आम्हां सगळ्यांना स्पष्ट ऐकू आला.