आधी कृती, मग मन

नैराश्यात सापडलेल्या माणसाला घरचे सांगतात, ‘कशात तरी मन रमव.’ तो म्हणतो, ‘मनच लागत नाही.’ दोघांचंही खरं असतं; गोम क्रमात आहे. मन लागलं की काम करू, असं आपण धरून चालतो. ‘बिहेवियरल ॲक्टिव्हेशन’ ही मानसोपचार पद्धत कृतीपासून सुरुवात करते आणि मनाला मागून येऊ देते.

यामागचा विचार अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन यांनी १९७०च्या दशकात मांडला. उदास माणूस लोकांत मिसळणं टाळतो, आवडीची कामं सोडतो. मग दिवसभरात बरं वाटावं असं काही घडतच नाही. त्यातून उदासी वाढते आणि तो आणखी आक्रसतो. १९९६मध्ये नील जेकबसन यांच्या गटाने विचार आणि वर्तन या दोहोंवर काम करणाऱ्या उपचाराचे भाग सुटे करून तपासले. फक्त वर्तनावर काम केलेल्या रुग्णांनाही संपूर्ण उपचाराइतकाच गुण आला होता.

एवढी साधी पद्धत डॉक्टर नसलेल्यांनाही शिकवता येईल का? गोव्यातल्या ‘संगत’ संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत हे करून पाहिलं. तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. बाकीच्यांना त्या उपचारांच्या जोडीला स्थानिक समुपदेशक भेटले. या समुपदेशकांपाशी वैद्यकीय पदवी नव्हती, फक्त या कामाचं प्रशिक्षण होतं.

आठवड्याला एक, अशा सहा ते आठ बैठका. दिवसात काय केलं आणि तेव्हा कसं वाटलं, याची नोंद ठेवायची. त्यातून झेपेल असं एखादंच काम निवडायचं: शेजारी जाऊन येणं, बंद पडलेलं शिवणकाम थोडा वेळ करणं. अडचण खरोखरची असेल, तर ती सोडवण्याच्या वाटाही मिळून शोधायच्या.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून सावरले होते. इतरांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. वर्षभरानंतरही फरक टिकून होता. बैठका संपल्या तरी शिकलेली रीत रुग्णापाशी राहते, हे त्याचं एक कारण असावं.

अर्थात, प्रत्येकाला याने गुण येतो असं नाही; काहींना औषधं लागतात. आत्महत्येचे विचार येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञाला गाठायला उशीर नको. सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो.