डायरेक्ट करून दे ना, बॉस!

वीकएंडला तुम्ही हॉटेलात निवांत गप्पा मारत बसलेले असता, तेव्हा आत किचनमध्ये कुणीतरी फ्रायरखाली आडवा पडलेला असतो. तो कुणीतरी म्हणजे मी.

शनिवार, रात्रीचे साडेआठ. बाणेरमधलं एक रेस्तराँ. दाराशी वेटिंगची यादी लांबलीय, आत म्युझिक जोरात. तुमच्या टेबलावर सगळं आलंय, फक्त फ्रेंच फ्राइजचा पत्ता नाही. तुम्ही वेटरला हाक मारता. तो गोड हसून म्हणतो, ‘‘सर, फक्त पाच मिनिटं.’’

ती पाच मिनिटं म्हणजे मी!

त्या वेळी मी किचनच्या ओल्या फरशीवर पुठ्ठा टाकून आडवा झालेलो असतो. तोंडात टॉर्च, हातात मल्टिमीटर. कानाजवळून कुणाचे तरी बूट धावतायत, शेजारी चायनीज रेंजचा जाळ घोंघावतोय आणि मॅनेजर दर मिनिटाला वाकून विचारतोय, ‘‘झालं का?’’

हॉटेलांच्या किचनमधली यंत्रं दुरुस्त करणं हा माझा धंदा. फ्रायर, डीप फ्रीज, आइस मशिन, ओव्हन, डिशवॉशर, कणीक मळायचं मशिन, इडलीचा स्टीमर... जे जे तापतं, गार होतं किंवा फिरतं, ते सगळं. यंदा बारा वर्षं झाली.

‘म्हणजे मिक्सर का?’

आयटीआयला रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड केला, तेव्हा डोक्यात एकच होतं. हिंजवडीतल्या एखाद्या चकाचक कंपनीत एसी प्लँटवर चिकटायचं, गळ्यात आयकार्ड घालून बसने जायचं. पण मित्राचा मामा हे किचनचं काम करायचा. ‘‘चार महिने माझ्याबरोबर फिर, नाही आवडलं तर जा,’’ म्हणाला. फिरलो, आणि राहिलोच. त्यांना आम्ही सगळे वस्ताद म्हणायचो.

मी नक्की काय करतो, हे आईला अजून नीट सांगता येत नाही. लग्नाच्या बायोडेटात मी झोकात ‘सर्व्हिस इंजिनिअर’ लिहिलं होतं. एका मुलीच्या वडिलांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा आई म्हणाली, ‘‘हॉटेलातले मिक्सर-बिक्सर दुरुस्त करतो हो.’’ विषय संपला! पुढच्या स्थळी मात्र मुलीनेच विचारलं, ‘‘मग कुठल्या हॉटेलात खावं आणि कुठल्या नाही, हे तुम्हाला माहीत असणार ना?’’ या प्रश्नावर आपण फिदा. आता ती माझी बायको आहे आणि बाहेर जेवायला कुठे जायचं, हे अजूनही मला विचारूनच ठरवते.

उलटं घड्याळ

तुमचं ऑफिस सुटतं तेव्हा आमची खरी धावपळ सुरू होते. निवांत काम करायला मिळतं ते दुपारी साडेतीन ते साडेसहा. लंच आटोपलेलं, डिनरची तयारी सुरू व्हायची असते. त्याच वेळात किचनच्या मागच्या दारी स्टाफची पंगत बसते. डाळ, भात, कच्चा कांदा. शेफ ताट पुढे सरकवतो, ‘‘आधी खाऊन घे, मशिन कुठे पळतंय?’’ मेन्यूवर नसलेलं हे जेवण मी शहरभर जेवलोय. त्याला तोड नाही. दिवाळी, व्हॅलेंटाइन डे, थर्टी फर्स्ट... सगळ्या सणांना मात्र मी ऑन कॉल!

मशिन बंद पडलं म्हणजे एखादा मोठा पार्ट उडाला, असं सगळ्यांना वाटतं. खरं सांगू? बऱ्याचदा दुखणं एकच असतं, घाण. फ्रीजच्या मागच्या किंवा खालच्या जाळीवर तेलकट वाफ आणि पीठ बसून बसून गादी तयार होते. आतली उष्णता बाहेर टाकायला वाटच उरत नाही. कॉम्प्रेसर बिचारा दिवसरात्र धापा टाकतो आणि एक दिवस मान टाकतो. टँकरचं जड पाणी असेल तिथे आइस मशिनमध्ये क्षार साचतात, मग बर्फ सुटतच नाही. आणि सर्किट बोर्ड उघडला की आत हमखास कोण भेटतं? झुरळ! तिथे छान ऊब असते ना.

मार्च २०२० मध्ये हॉटेलं बंद झाली, तेव्हा महिनोन्महिने एक फोन नाही. ५ ऑक्टोबर २०२० पासून राज्यात पुन्हा बसून जेवायची परवानगी मिळाली आणि एकदम सगळ्यांचेच फोन. उंदरांनी वायरी कुरतडलेल्या, दारांची रबरं वाळून तडकलेली. वापरली नाही म्हणून यंत्रं बिघडू शकतात, हे त्या वेळी पुरतं कळलं.

दोन वायरी

आता मुद्द्याचं. आमच्या धंद्यात एक वाक्य रोज ऐकू येतं, ‘डायरेक्ट करून दे ना, बॉस!’

म्हणजे काय, ते सांगतो. फ्रायरमध्ये तेल साधारण १८० अंशांवर ठेवायचं काम एक थर्मोस्टॅट करतो. पण त्याच्यावर नजर ठेवणारा आणखी एक असतो, हाय लिमिट. पहिल्याचं काही चुकलं आणि तेल भलतंच तापलं, की साधारण २३० अंशांच्या आसपास हा पठ्ठ्या सप्लाय तोडतो. हाताने रिसेट केल्याशिवाय मशिन पुन्हा सुरू होत नाही. गॅसच्या मशिनमध्ये ज्योतीवर नजर ठेवायचं काम थर्मोकपल करतो. ज्योत विझली की तो गार होतो आणि गॅसचा व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो. हे सेफ्टीचे पार्ट वगळून वायरीला वायर जोडायची, की झालं ‘डायरेक्ट’. पाच मिनिटांचं काम. मशिन चालू, मालक खूश.

माझं दुसरंच वर्ष होतं. शनिवारची संध्याकाळ, वस्ताद गावी गेलेले. एका हॉटेलातला फ्रायर सारखा ट्रिप होत होता. मी रिसेट करायचो, वीस मिनिटांनी पुन्हा बंद. मला वाटलं, हाय लिमिटच गेलंय. स्पेअर सोमवारशिवाय मिळणार नव्हतं. मॅनेजर म्हणाला, ‘‘डायरेक्ट कर, सोमवारी पार्ट टाकू.’’ मी दोन वायरी जोडल्या, टेप गुंडाळली, पैसे घेतले आणि घरी आलो. वर कामात तरबेज झालो म्हणून स्वतःवरच खूश!

हाय लिमिट ठणठणीत होतं. बिघडला होता तो कॉन्टॅक्टर, म्हणजे हीटरला सप्लाय देणारा मोठा स्विच. तो अधूनमधून चिकटून बसत होता. थर्मोस्टॅट ‘बस’ म्हणत होता, पण हीटर थांबत नव्हता. तेल उकळत चाललंय हे ओळखून प्रत्येक वेळी मशिन वाचवत होतं ते हाय लिमिट. अख्ख्या मशिनमध्ये चोख काम करणारा तो एकच पार्ट, आणि मी नेमका तोच काढून टाकला. गजर वाजतोय म्हणून घड्याळच फोडावं, तसं.

रविवारी रात्री तेलाने पेट घेतला. भांडी घासणाऱ्या पोराने घाबरून पातेलंभर पाणी ओतलं. पेटलेल्या तेलावर पाणी पडलं की त्याची एका क्षणात वाफ होते आणि ती जळतं तेल घेऊन वर उसळते. शेफने मेन बंद केला, वर झाकण टाकलं, आग विझली. पण त्या पोराचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. एकोणीस-वीस वर्षांचा असेल.

मला कुणी काही बोललं नाही. मॅनेजरने उलट विचारलं, ‘‘नवा फ्रायर स्वस्तात मिळेल का?’’ वस्ताद परत आल्यावर मी सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. जळालेल्या फ्रायरमधून माझ्या टेपचा तुकडा काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. म्हणाले, ‘‘मशिन बंद पडलं की आधी विचारायचं, ते का थांबलं? चालू कसं करायचं, ते नंतर.’’

तो पोरगा गावी गेला तो परत आलाच नाही. मी त्याला भेटायला गेलो नाही. आजही त्याची लाज वाटते.

तुम्ही म्हणाल, हे किचनचं झालं, आमचा काय संबंध? २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत कुर्ल्याच्या एका हॉटेलात गॅसगळती होऊन आग लागली. ८ जण गेले. त्यांतली बहुतेक तिथे जेवायला बसलेली कॉलेजची मुलं होती. किचन आणि तुमचं टेबल यांच्यात अनेकदा एकच भिंत असते.

सव्वानऊ वाजता

तर पुन्हा बाणेर. फ्रायर ट्रिप होतोय. या वेळी मी रिसेटला हात लावायच्या आधी मीटर लावला. दुखणं तेच. कॉन्टॅक्टर चिकटतोय. त्या रेटिंगचा माझ्या बॅगेत नाही, दुकानं बंद.

मॅनेजरने मालकांना फोन लावून माझ्या कानाला दिला. ‘‘अहो, आजची रात्र डायरेक्ट करून द्या. उद्या सकाळी पार्ट टाका. मी सांगतोय ना, माझी जबाबदारी.’’

‘‘साहेब, जबाबदारी तुमची, पण हात तुमच्या पोरांचे आहेत,’’ मी म्हटलं. फ्रायरचा मेन स्विच पाडला, त्यावर ‘चालू करू नये’ असं लिहून चिकटवलं. मालकांनी फोन ठेवला. शेफ माझ्याकडे बघून काही बोलला नाही. फक्त कॅप्टनला ओरडून सांगितलं, ‘‘फ्राइड आयटम सब बंद!’’ कुणीतरी डिलिव्हरीच्या टॅबवरून ते पदार्थ काढले.

पार्ट मी रविवारी टाकला. पुढच्या महिन्यात मालकांनी वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट दुसऱ्याला दिलं. माझ्यासाठी ती छोटी रक्कम नव्हती. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती क्षणभर गप्प बसली, मग म्हणाली, ‘‘म्हणजे आता त्या हॉटेलात जेवायला जायचं नाही, एवढंच ना?’’

आणि तुमच्या फ्राइजचं म्हणाल, तर सॉरी बॉस. त्या रात्री ‘फक्त पाच मिनिटं’ हे वेटरने उगाच सांगितलं होतं.

ऑफिसच्या पँट्रीत एवढं बघाच!

• फ्रीजच्या दारात दहाची नोट धरून दार लावा. ओढल्यावर सहज सुटली तर रबर गेलंय.

• फ्रीजच्या आतलं तापमान ५ अंश किंवा त्याखाली हवं.

• एखादं मशिन ट्रिप झालं तर एकदाच रिसेट करा. पुन्हा झालं तर टेक्निशियनला बोलवा.

• मायक्रोवेव्हचं कव्हर स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आत जिवावर बेतेल एवढा चार्ज साठलेला असू शकतो.

• तेल पेटलं तर पाणी नको. गॅस किंवा वीज बंद करा, शक्य असेल तर झाकण टाका, आणि आवाक्याबाहेर जातंय असं वाटलं तर बाहेर पडा.